अंथरूण पाहून पाय : पॉवर सप्लाय आणि ग्राफिक्स कार्ड यांची कहाणी

नवा संगणक घ्यायचा असला की आपण प्रोसेसर कोणता, मेमरी किती, डिस्क केवढी हे सगळे विचारतो. जुन्याच संगणकात नवे ग्राफिक्स कार्ड बसवायचे असले तर कार्डाची किंमत आणि त्याच्या वेगाची कोष्टके पाठ होईपर्यंत वाचतो. निदान घरातली पंधरा-सोळा वर्षांची मुले तरी वाचतात. पण डब्याच्या एका कोपऱ्यात धूळ खात बसलेल्या पत्र्याच्या खोक्याकडे, म्हणजे पॉवर सप्लायकडे, सहसा कोणी पाहत नाही. कार्ड स्लॉटमध्ये बसले, प्लग आत गेला, की काम झाले असे धरून चालतो. गेल्या चाळीस-पंचेचाळीस वर्षांत या समजुतीपायी बरीच कार्डे आणि मदरबोर्ड जळाले आहेत. दरम्यान प्लगचे आकार अनेकदा बदलले, समजूत मात्र जशीच्या तशी राहिली. प्लग बसणे आणि वीज पुरणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. त्या निराळ्या कशा होत गेल्या, त्याचा हा इतिहास.

साडेत्रेसष्ट वॅटचा संसार

१२ ऑगस्ट १९८१ रोजी आयबीएमने आपला पर्सनल कॉम्प्युटर जाहीर केला. फ्लॉरिडातल्या बोका रटोन येथे डॉन एस्ट्रिज यांच्या हाताखालच्या छोट्या गटाने तो तयार केला होता. त्याच्या पॉवर सप्लायची क्षमता होती ६३.५ वॅट. त्या काळी घरातल्या एका साध्या बल्बला ६० वॅट लागत, म्हणजे अख्खा संगणक जवळजवळ एका दिव्याच्या विजेवर चालत होता. या ६३.५ची फोड करून पाहण्यासारखी आहे. ५ व्होल्टवर ७ अँपिअर, म्हणजे ३५ वॅट. १२ व्होल्टवर २ अँपिअर, म्हणजे २४. उणे ५ व्होल्टवर ०.३ अँपिअर, म्हणजे दीड. उणे १२ व्होल्टवर पाव अँपिअर, म्हणजे ३. बेरीज बरोबर ६३.५ येते.

ही फोड मुद्दाम दिली, कारण पुढचे सगळे रामायण त्यातच आहे. पॉवर सप्लाय म्हणजे विजेची एक टाकी नव्हे. एकाच गच्चीवर ठेवलेल्या तीन-चार टाक्या आहेत आणि प्रत्येकीचा नळ वेगळा. ५ व्होल्टची टाकी चिप्ससाठी, १२ व्होल्टची प्रामुख्याने फ्लॉपी ड्राइव्हच्या मोटरींसाठी. ५ व्होल्टच्या टाकीत पाणी काठोकाठ असले तरी १२ व्होल्टचा नळ कोरडा पडू शकतो. खोक्यावर मोठ्या अक्षरात छापलेला वॅटचा आकडा ही सगळ्या टाक्यांची बेरीज असते. कोणत्या टाकीत किती, ते त्याच्याखालच्या बारीक अक्षरात असते.

आयबीएमच्या त्या यंत्रात पाच स्लॉट होते. कंपनीने टेक्निकल रेफरन्स नावाचे पुस्तक विकायला ठेवले, त्यात सर्किटच्या आकृत्या होत्या, सप्लायच्या प्रत्येक नळाचे आकडेही होते. त्यामुळे कोणीही कार्ड बनवावे आणि कोणीही ते बसवावे, असा मोकळा बाजार तयार झाला. पीसीचे जे यश, ते या मोकळेपणाचे आहे यात शंका नाही. पण यंत्र बंद डब्यातून येते तेव्हा विजेचा हिशेब बनवणाऱ्याने केलेला असतो. डबा उघडून आपण त्यात काही घातले की तो हिशेब आपल्या गळ्यात पडतो. हे मात्र ग्राहकाला ठळकपणे कोणी सांगितले नाही.

सुरुवातीच्या ग्राफिक्स कार्डांना लागणारी सगळी वीज स्लॉटमधूनच मिळत असे, वेगळी वायर नसे. त्या काळातली दोन कार्डे आपल्या दृष्टीने विशेष आहेत. १९८२ साली कॅलिफोर्नियात व्हॅन सुवन्नुकुल या थाई संशोधकाने हर्क्युलिस नावाचे कार्ड काढले. त्यांना आपला डॉक्टरेटचा प्रबंध आयबीएम पीसीवर थाई लिपीत लिहायचा होता आणि आयबीएमच्या स्वतःच्या कार्डांवर ते शक्य नव्हते: एकावर ठरावीक इंग्रजी अक्षरेच उमटत, दुसऱ्यावर ठिपके फार मोठे. हर्क्युलिसने ७२० गुणिले ३४८ ठिपक्यांचे चित्र दिले आणि ते कार्ड जगभर गेले. परदेशी आलेल्या माणसाने आपली लिपी दिसावी म्हणून केलेला खटाटोप पुढे अमेरिकन हिशेबनिसांच्या टेबलावर जाऊन बसला, ही गोष्ट मला फार आवडते. दुसरे उदाहरण आपल्या घरचे. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेले भारतीय लिप्यांचे काम १९८८ साली स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅकमध्ये आले आणि मोहन तांबे यांच्या गटाचे जिस्ट कार्ड तयार झाले. ते पीसीच्या स्लॉटमध्ये खोचले की डॉसच्या जुन्या प्रोग्रॅममध्येही देवनागरी दिसू लागे. तेही स्लॉटच्याच विजेवर चाले. सारांश, ऐंशीच्या दशकात ग्राफिक्स कार्ड हा गरीब पाहुणा होता, पंगतीत मिळेल तेवढ्यावर भागवणारा. खादाड होती ती हार्ड डिस्क.

मार्च १९८३ मध्ये पीसी-एक्सटी आला तो १० मेगाबाइटची हार्ड डिस्क घेऊन, आणि त्याचा सप्लाय १३० वॅटचा, म्हणजे आधीच्या दुप्पट होता. ज्यांनी जुन्या पीसीत नुसती डिस्क आणून बसवायचा बेत केला, त्यांना सप्लायही बदलावा लागतो असा शोध लागला. ‘एक भाग बदलायचा तर आधी सप्लाय बघा’ हा धडा मुळात डिस्कने दिला, ग्राफिक्स कार्डाने नव्हे. १९८४च्या पीसी-एटीत सप्लाय १९२ वॅटवर गेला, आणि तिथे एक उलटा पेच निर्माण झाला. हे सप्लाय किमान भार असल्याशिवाय नीट चालत नसत. डिस्क नसलेला एटी विकायचा तर १२ व्होल्टच्या नळावर काहीच भार नाही. मग आयबीएमने डिस्कच्या जागी ५ ओहमचा एक दणकट रेझिस्टर बसवून दिला. त्याचे काम एवढेच, की सुमारे २९ वॅट वीज खाऊन गरम होत बसायचे. जोडी जमायला वीज कमी पडून चालत नाही, तशी मागणी अगदीच कमी असूनही चालत नसे.

काळ्याला काळी, आणि लाल खटका

या पेट्या इतक्या लहान का झाल्या, तेही थोडक्यात सांगितले पाहिजे. जुन्या पद्धतीच्या सप्लायमध्ये भिंतीतली वीज आधी मोठ्या लोखंडी ट्रान्सफॉर्मरमधून उतरवत आणि जादा व्होल्टेज उष्णतेच्या रूपाने फुकट घालवत. स्विचिंग सप्लायमध्ये आधी विजेचे एकदिश रूप करतात, मग ट्रान्झिस्टरने ती सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करतात. इतक्या वेगाने चालणाऱ्या विजेला ट्रान्सफॉर्मर मुठीत मावेल एवढा पुरतो. १९७७च्या ॲपल-टूमध्ये रॉड होल्ट यांनी असा ३८ वॅटचा सप्लाय वापरला आणि म्हणून त्या यंत्राला पंखा लागला नाही. पुढे सगळ्यांनी होल्ट यांची नक्कल केली असे स्टीव्ह जॉब्स सांगत असत. ते काही खरे नाही. स्विचिंग सप्लाय लष्करी आणि औद्योगिक उपकरणांत आधीपासून होते, उच्च दाब सोसणारे स्वस्त ट्रान्झिस्टर मिळू लागल्यावर ते सगळीकडे आले. असो.

एटीच्या काळापासून मदरबोर्डला वीज देणारे सहा-सहा पिनांचे दोन प्लग असत, पी-८ आणि पी-९. ते शेजारी शेजारी बसत आणि थोडा जोर केला तर उलट्या क्रमानेही बसत. तसे बसवून बटण दाबले की मदरबोर्ड गेलाच. दुरुस्ती करणाऱ्यांचा मंत्र होता: काळ्या वायरी मध्ये, एकमेकींना लागून. लॅमिंग्टन रोडवर असेंबल्ड पीसी जोडणाऱ्या पोरांपासून इथल्या फ्राइजमध्ये सुटे भाग घेणाऱ्या इंजिनिअरांपर्यंत सगळ्यांना हा मंत्र ठाऊक होता. (फ्राइजची दुकाने २०२१च्या फेब्रुवारीत कायमची बंद झाली. तिथल्या रांगांत आपली किती माणसे भेटत!) ‘प्लग बसला म्हणजे बरोबर’ ही समजूत खोटी ठरवणारा हा पहिला ठळक दाखला.

दुसरा दाखला आपल्या मंडळींच्या फार ओळखीचा. सप्लायच्या मागच्या बाजूला, पंख्याशेजारी, ११५ आणि २३० असे लिहिलेला एक लहान लाल खटका असे. नव्वदच्या दशकात भारतात भावासाठी, भाच्यासाठी संगणक घेऊन जाणारे कितीतरी जण होते. मुंबईच्या भिंतीतल्या २३० व्होल्टवर ११५च्या खटक्याचा संगणक लावला की बारसे एका फटाक्याने होई. का, ते पाहू. खटका ११५वर असताना आतले सर्किट येणारा दाब दुप्पट करून घेते आणि दोन मोठ्या कपॅसिटरांवर मिळून सुमारे ३२५ व्होल्ट साठवते. २३०वर खटका ढकलला की हे दुप्पट करणे बंद होते आणि बेरीज तेवढीच राहते. पण खटका ११५वरच ठेवून २३० व्होल्ट दिले, की २३०चीही दुप्पट होऊन साडेसहाशेच्या घरात व्होल्ट जमू पाहतात. प्रत्येक कपॅसिटर असतो साधारण २०० व्होल्टचा. उलट चूक निरुपद्रवी: इथे खटका २३०वर राहिला तर संगणक नुसता सुरू होत नाही. ५० की ६० हर्ट्झ याचा फरक या सप्लायना पडत नव्हता, पण भारतात खाली-वर होणारा दाब आणि जाणारी वीज यांसाठी सीव्हीटी किंवा यूपीएसही घ्यावा लागे. २००१ पासून युरोपात नवे नियम लागू झाले, त्यासाठी सप्लायच्या तोंडाशी वेगळे सर्किट आले, आणि त्याच्या ओघात १०० ते २४० व्होल्टवर आपोआप चालणारे सप्लाय रूढ झाले. लाल खटका गेला. जुना सप्लाय हाती आला तर मात्र तो खटका अजूनही पाहायला हवा.

१९९५ साली इंटेलने एटीएक्स ही नवी मांडणी आणली. दोन प्लगांऐवजी वीस पिनांचा एकच, उलटा न बसणारा प्लग आला, ३.३ व्होल्टची नवी टाकी आली; बटणाऐवजी सॉफ्टवेअरने संगणक बंद करता येऊ लागला. आता तरी प्लगवर विश्वास ठेवावा, तर १९९८च्या सुमारास डेल कंपनीने आपल्या कित्येक डेस्कटॉपमध्ये दिसायला तोच वीस पिनांचा प्लग ठेवून आतल्या वायरींची जागा बदलली. घरी सप्लाय बिघडला म्हणून दुकानातून साधा एटीएक्स सप्लाय आणून लावला, तर प्लग बिनतक्रार बसे आणि बटण दाबताच सप्लाय किंवा मदरबोर्ड, कधी दोन्ही, निकामी होत. स्कॉट म्युलर यांनी पीसी दुरुस्तीवरच्या आपल्या जाडजूड ग्रंथात याविषयी कडक शब्दांत इशारा दिला होता. डेलने काही वर्षांनी प्रमाणित जोडणी स्वीकारली. तरीही आज मोठ्या कंपन्यांच्या तयार डेस्कटॉपांपैकी अनेकांत सप्लायचा आकार किंवा प्लग खास त्या कंपनीचाच असतो. अशा डब्यात मोठे कार्ड घालायचे तर मोठा सप्लाय आत मावत नाही आणि मावला तर जुळत नाही. सेलमध्ये स्वस्त तयार संगणक घेऊन मग त्यात कार्ड बसवू, असा बेत आखणाऱ्यांनी हे आधी पाहावे.

पाहुणा खादाड होतो

आता ग्राफिक्स कार्डाकडे वळू. १९९६ साली सॅन होजेच्या थ्रीडीएफएक्स कंपनीचे व्हूडू कार्ड आले आणि घरच्या संगणकावर त्रिमिती चित्रे सरसर हलू लागली. हे कार्ड पीसीआय स्लॉटमध्ये बसे, आणि त्या स्लॉटची मर्यादा होती २५ वॅट. १९९७ पासून ग्राफिक्ससाठी एजीपी हा खास स्लॉट मिळाला, तो चाळीसएक वॅट देऊ शके. दोन-तीन वर्षांतच कार्डांना तेही अपुरे पडू लागले. १९९९ साली एन्व्हिडियाने जीफोर्स २५६ आणले, आणि चिपवरच्या ट्रान्झिस्टरांची संख्या दर वर्षी उड्या मारू लागली.

मग वीज आणायची कुठून? सन २०००मध्ये थ्रीडीएफएक्सने व्हूडू-५ ५५०० विकायला आणले, त्याच्या कडेला चार पिनांचा एक प्लग होता. हा प्लग हार्ड डिस्कचा. पिवळी वायर १२ व्होल्टची, लाल ५ची, मध्ये दोन काळ्या. ग्राफिक्स कार्डाला स्वतःचे ताट नव्हते, ते डिस्कच्या ताटात जेवू लागले. त्याच मालिकेतले व्हूडू-५ ६००० याहून पुढे गेले. त्यावर चार चिप्स होत्या आणि त्याला वीज पुरवायला लॅपटॉपसारखी स्वतंत्र वीट भिंतीत खोचून तिची वायर संगणकाच्या मागून कार्डाला जोडायची होती. नावही झकास, व्हूडू व्होल्ट्स. लोकांनी या कल्पनेची पुष्कळ थट्टा केली, पण इंजिनिअर म्हणून मला ती प्रामाणिक वाटते. घरोघरच्या डब्यांत कोणते सप्लाय आहेत हे कंपनीला कळणे शक्य नव्हते, तेव्हा आपले जेवण आपणच बरोबर आणणारा हा पाहुणा होता. ते कार्ड बाजारात आलेच नाही. डिसेंबर २०००मध्ये थ्रीडीएफएक्सने आपली बहुतेक मालमत्ता एन्व्हिडियाला विकायचे जाहीर केले. मोजके नमुने तेवढे हौशी संग्राहकांकडे उरले आहेत.

बाकीच्यांनी उसन्या प्लगाचाच मार्ग धरला. २००२च्या रेडिऑन ९७०० प्रोने फ्लॉपी ड्राइव्हचा नाजूक प्लग घेतला. एप्रिल २००४मध्ये जाहीर झालेल्या जीफोर्स ६८०० अल्ट्राला डिस्कचे दोन प्लग लागले, तेही सप्लायमधून निघणाऱ्या दोन वेगळ्या वायरींवरचे. त्याच्यासाठी एन्व्हिडियाने ४८० वॅटचा सप्लाय सुचवला, तेव्हा सर्वत्र आश्चर्य व्यक्त झाले, कारण बहुतेकांच्या डब्यात २५० ते ३५० वॅटचे खोके होते. कार्ड एकटे काही एवढी वीज खात नव्हते. हा मोठा आकडा अविश्वासातून आलेला होता, असे माझे मत आहे: लेबलावर कितीही छापलेले असो, प्रत्यक्षात निम्म्यावर धापा टाकणारे स्वस्त सप्लाय त्या काळी बाजारात भरपूर होते. ‘४८० घ्या’ म्हटले म्हणजे हवे तेवढे कुठूनतरी मिळेल, असा तो हिशेब.

शिवाय टाक्यांचा प्रश्न होताच. ३०० वॅटचा त्या पिढीतला एखादा सप्लाय घ्या. त्याच्या लेबलावर ५ व्होल्टपुढे २५-३० अँपिअर असत, १२ व्होल्टपुढे मात्र १० ते १५. अगदी १५ धरले तरी १२ व्होल्टवर १८० वॅट. समजा प्रोसेसर १०० वॅटचा आणि कार्ड ८० वॅटचे, दोन्ही १२ व्होल्टवर. १२ची टाकी संपली, आणि डिस्कच्या मोटरी नि पंखे अजून ताटकळत आहेत. ५ व्होल्टची टाकी अर्धी भरलेली असून उपयोग शून्य. संगणक खेळ रंगात आला की बंद पडे, आणि आईवडील विंडोज पुन्हा पुन्हा भरत बसत.

बारा व्होल्टचे राज्य

प्रोसेसर आणि कार्ड ५ व्होल्ट सोडून १२कडे का गेले, याचे उत्तर खोपोलीला आहे म्हटले तरी चालेल. वायरीत उष्णतेने वाया जाणारी वीज करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. करंट दुप्पट, तर नुकसान चौपट. म्हणून लांब वीज न्यायची तर दाब वाढवून करंट कमी करायचा. १८८२ साली एडिसनने न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवरून सुमारे ११० व्होल्टची एकदिश वीज दिली, ती मैलभरापलीकडे नेणे परवडत नसे. १९१५ साली टाटांनी खोपोलीच्या वीजघरातून मुंबईच्या गिरण्यांना वीज दिली, ती घाट उतरलेल्या पाण्याची आणि उच्च दाबाच्या तारांची करामत. संगणकाच्या डब्यात अंतर वीतभरच, पण नियम तोच. ६० वॅट ५ व्होल्टवर द्यायचे तर १२ अँपिअर लागतात, १२ व्होल्टवर द्यायचे तर ५. सन २०००मध्ये पेन्टियम-४साठी इंटेलने मदरबोर्डला १२ व्होल्टचा चार पिनांचा जादा प्लग दिला, आणि २००३ पासून सप्लायच्या नव्या नमुन्यात भर ५ व्होल्टवरून १२वर सरकला. या एका बदलाने जुने सप्लाय निकालात निघाले. वॅट तेवढेच, पण चुकीच्या टाकीत.

पुढे पीसीआय एक्स्प्रेस स्लॉट आला. तो ग्राफिक्स कार्डाला ७५ वॅटपर्यंत देतो. २००४पासून कार्डाला प्रथमच स्वतःचा प्लग मिळाला: सहा पिनांचा, आणखी ७५ वॅटचा. नंतर आठ पिनांचा आला, १५० वॅटचा. यात एक सोय झाली. कार्डावरचे प्लग मोजले की त्याची कमाल भूक कळते. स्लॉटचे ७५, एका आठ पिनीचे १५०, म्हणजे फार तर २२५ वॅट. सप्लायमधून त्या आकाराच्या वायरी जितक्या निघतात, तितके पेलायला तो बनवला आहे असेही साधारण धरता येते. पण बाजाराने लगेच अडॅप्टर काढले. डिस्कचे दोन प्लग एका बाजूला, कार्डाचा प्लग दुसऱ्या बाजूला, किंमत पाच डॉलर. ज्या सप्लायमध्ये मुळात कार्डाची वायर नाही, त्याने न बोलता ‘माझ्याच्याने होणार नाही’ असे सांगितलेले असते. अडॅप्टर त्याचे तोंड बंद करतो. कार्डाबरोबर खोक्यात तसा अडॅप्टर आला असला तरी तो वापरण्याची वेळ येणे हीच धोक्याची सूचना समजावी.

याच सुमारास सुट्या वायरींचे सप्लाय लोकप्रिय झाले, ज्यांत हव्या तेवढ्याच वायरी खोक्याला जोडायच्या असतात. वायरीचे कार्डाकडचे टोक प्रमाणित, पण सप्लायकडच्या टोकाला कोणतेच प्रमाण नाही. एका कंपनीची वायर दुसऱ्या कंपनीच्या सप्लायमध्ये नीट बसते आणि भलत्या पिनेवर १२ व्होल्ट देते. एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही असे होऊ शकते. सप्लाय बदलताना जुन्या वायरी डब्यात तशाच ठेवून नुसते खोके बदलण्याचा मोह होतो, तो टाळलेलाच बरा. पी-८ आणि पी-९चे भूत असे नव्या अंगरख्यात परत आले.

२००४ साली अमेरिकेत ८० प्लस हा कार्यक्रम सुरू झाला आणि सप्लायची कार्यक्षमता तपासून शिक्के मिळू लागले. त्याविषयी दोन गैरसमज नेहमी आढळतात. लेबलावरचे वॅट हे सप्लायने आत द्यायचे वॅट असतात, भिंतीतून घ्यायचे नव्हेत. ८० टक्के कार्यक्षमतेचा सप्लाय आत ५०० देताना भिंतीतून ६२५ घेतो. आणि १००० वॅटचा सप्लाय लावला म्हणून वीजबिल हजार वॅटचे येत नाही, यंत्राला लागते तेवढेच येते. हा शिक्का बचतीचा आहे, सप्लाय कार्डाला पुरेल याची ती हमी नव्हे. शिवाय सप्लायमधले कपॅसिटर वयाने सुकतात. आठ-दहा वर्षे राबलेल्या खोक्याच्या लेबलावर तोच आकडा असला तरी नव्या कार्डाच्या स्वागताला त्याला उभे करू नये.

सहाशे वॅटचा प्लग

२०२० नंतरच्या मोठ्या कार्डांनी आणखी एक खोडी दाखवली. सरासरी भूक ३५० वॅट असलेले कार्ड क्षणाच्या अगदी बारीक अंशापुरते त्याच्या दुप्पट ओढू शकते. सरासरी हिशेबात बसणारा चांगला सप्लायही अशा उसळीला घाबरून स्वतःला बंद करून घेई. म्हणून इंटेलने २०२२च्या एटीएक्स ३.० या नमुन्यात अट घातली की सप्लायने १०० मायक्रोसेकंदांपुरता आपल्या क्षमतेच्या दुप्पट भार झेलावा. त्याच वेळी आला १२व्हीएचपीडब्ल्यूआर हा नवा प्लग: एकच, चिमुकला, आणि ६०० वॅटपर्यंतचा.

ऑक्टोबर २०२२मध्ये जीफोर्स आरटीएक्स ४०९० विक्रीला आले. त्याची किंमत १५९९ डॉलर, भूक ४५० वॅट. काही आठवड्यांतच वितळलेल्या प्लगांची छायाचित्रे फिरू लागली. नोव्हेंबरमध्ये एन्व्हिडियाने सांगितले की जगभरातून सुमारे ५० तक्रारी आल्या आहेत आणि प्लग पुरता आत न बसणे हे त्यामागचे एक कारण दिसते. इथे पुन्हा भागाकार करून पाहू. जुन्या आठ पिनीत १५० वॅट म्हणजे साडेबारा अँपिअर, ते तीन पिनांत वाटले जातात: दर पिनेला चारच्या थोडे वर. त्या पिना सात-आठ सहज सोसत. नव्या प्लगात ६०० वॅट म्हणजे ५० अँपिअर, सहा पिनांत वाटून दर पिनेला आठच्या वर, आणि पिनेची मर्यादा साधारण साडेनऊ. जुन्यात जवळजवळ दुपटीची सवड होती, नव्यात एक-दीड अँपिअरची. एका पिनेने नीट टेकायचे नाकारले की तिचा वाटा उरलेल्या पाचजणींवर पडतो, आणि आधी सांगितलेला वर्गाचा नियम तिथे आपले काम करतो. फेब्रुवारी २०२५मध्ये नव्या आरटीएक्स ५०९० कार्डावर एका जर्मन तज्ज्ञाने एकाच वायरीतून २० अँपिअरहून अधिक करंट जाताना मोजला.

प्लग अर्धवट बसवणे ही वापरणाऱ्याची चूक, हे म्हणणे तांत्रिकदृष्ट्या बरोबर असेल. पण अर्धवट बसूनही पूर्ण बसल्यासारखा दिसतो आणि पूर्ण वीज वाहू देतो, तो प्लग चुकीचा बनवला आहे असे मी म्हणेन. बनवणाऱ्यांनीही ते एका अर्थी मान्य केले, कारण २०२३च्या १२व्ही-२×६ या सुधारित प्लगात सूचना देणाऱ्या चार बारीक पिना आखूड केल्या गेल्या. प्लग शेवटपर्यंत आत गेल्याशिवाय त्या टेकत नाहीत, आणि त्या टेकल्या नाहीत तर कार्ड वीज मागत नाही. दोन पिढ्यांचे प्लग एकमेकांत बसतात, त्यामुळे आपल्या कार्डावर कोणता आहे हे बाहेरून पाहून चटकन कळत नाही. प्लग टिचकी ऐकू येईपर्यंत दाबायचा, मग कार्ड आणि प्लग यांच्यात फट राहिली नाही हे बॅटरी लावून पाहायचे, आणि वायर प्लगच्या तोंडाशीच वळवायची नाही. निदान इंचभर सरळ जाऊ द्यायची. डब्याची काच बंद करताना तीच वायर दाबली जाते, म्हणून कार्डाच्या उंचीवर बाहेर किती जागा उरते तेही खरेदीपूर्वी मोजावे.

आरटीएक्स ५०९०ची भूक ५७५ वॅट आहे आणि एन्व्हिडिया त्यासाठी १००० वॅटचा सप्लाय सुचवते. १९८१च्या अख्ख्या पीसीला पुरणारी वीज एका बाजूला ठेवली, तर हे एक कार्ड तशा नऊ पीसींची वीज खाते. आता हिशेब डब्याबाहेर भिंतीत गेला आहे. इथल्या घरांतले नेहमीचे सर्किट १२० व्होल्ट आणि १५ अँपिअरचे, म्हणजे १८०० वॅटचे. तासन्‌तास चालणाऱ्या भारासाठी त्याच्या ८० टक्के, १४४० वॅट, धरायचे. भरात चाललेला असा संगणक आणि मॉनिटर मिळून त्यातले आठ-नऊशे सहज घेतात. त्याच खोलीत जानेवारीत १५०० वॅटचा हीटर लावला की ब्रेकर पडतो, आणि दोष कार्डाला दिला जातो. पुण्यातल्या घरी तोच संगणक १६ अँपिअरच्या सॉकेटवर नेला तर २३० व्होल्टमुळे ही अडचण येत नाही. तिथे टेबलाखालचा यूपीएस तपासावा लागतो: अनेक घरांत तो ६०० व्हीएचा असतो, आणि साधारण ३६० वॅटच पेलतो.